सर्व्हरची दोन दारे

लॉगिन होते, पण फायलींची यादी येत नाही, ही एफटीपी सर्व्हरची जुनी खोड. आमच्या विभागातल्या मुलांनी घरोघरच्या आजींकडून मराठी-कन्नड ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांतल्या दोघी आज हयात नाहीत. आवाज मात्र एकाच जुन्या संगणकात. दुसरी प्रत ठेवायला मी सर्व्हर मांडला आणि नेमके तिथेच अडलो.

पासवर्ड बदलून उपयोग नव्हता. तो तर स्वीकारला गेला होता. अभय भूषण यांनी १९७१ मध्ये ज्याचा पहिला मसुदा लिहिला, त्या एफटीपीला दोन दारे लागतात. २१ क्रमांकाच्या पोर्टवर नुसते बोलणे होते. यादी आणि फायली दुसऱ्या पोर्टवरून जातात. पॅसिव्ह पद्धतीत ते पोर्ट सर्व्हर सांगतो, आणि फायरवॉलने तेच अडवले होते. एक बागिलु उघडा, दुसऱ्याला कडी! सर्व्हरला मोजके पोर्ट नेमून दिले, तेवढेच फायरवॉलमध्ये उघडले. यादी आली.

पण साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच प्रवास करतो. म्हणून शेवटी एसएफटीपी घेतले : २२ क्रमांकाचे एकच दार, तेही कुलूपबंद.

ज्यांच्या घरी असे आवाज एकाच मोबाईलमध्ये आहेत, त्यांनी दुसरी प्रत आजच काढावी. यंत्र पुन्हा विकत मिळते.