वाऱ्या आता पळत नाही

मित्रांनो, बारामतीहून नीरेकडे जाणारा रस्ता धरला की थोड्याच वेळात माळेगाव बुद्रुक येतं. दोन्ही अंगांना ऊस आणि पाटाचं पाणी. नीरा डाव्या कालव्याने ही जमीन हिरवी केली. गळिताचा हंगाम असेल, तर गाव येण्याआधी त्याचा वास येतो! शिवनगरला माळेगाव सहकारी साखर कारखाना आहे, त्याच्या मळीचा तो वास. उसाच्या गाड्यांमागून हळूहळू जायचं, मग डावीकडे वस्त्यांची कच्ची वाट लागते. अशाच एका वस्तीवर माझी मावशी राहते.

मागच्या हिवाळ्यात तिच्याकडे गेलो, तर पडवीत गोधडीवर एक कुत्रा पडलेला. अहो, पडलेला म्हणजे कसा? पाठीवर! चारही पाय आभाळाकडे, मान एकीकडे वाकडी आणि डोळे अर्धे उघडे. मला वाटलं, गेला बिचारा!

"गेला न्हाय, झोपलाय," मावशी हसली. "वाऱ्या हाय त्यो. पैलवान होता, आता पेन्शनीत हाय."

तुम्ही कधी कारवानी कुत्रा पाहिलाय का? उंच, सडपातळ, निमुळतं तोंड, पोट आत गेलेलं आणि बरगड्या मोजता येतील असं अंग. पुष्कळांना वाटतं, याला कुणी खायला घालत नाही. पण तो असाच असतो. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवांबरोबर हे कुत्रे इकडे आले, म्हणून ते कारवानी, असं सांगतात. कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली, म्हणून तिला मुधोळ हाउंडही म्हणतात. 2005 साली तर टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढलं!

परदेशातला ग्रेहाउंड हा याच अंगलटीचा. तो ताशी 60 ते 70 किलोमीटर वेगाने धावतो. उसेन बोल्टचा सर्वांत जास्त वेग ताशी 44 किलोमीटरच्या आसपास होता, आता करा तुलना! धावताना प्रत्येक झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात. म्हणूनच त्याच्या शर्यती लागतात. पुढे यंत्रावर खोटा ससा पळतो आणि मागे कुत्रे. आपल्या पश्चिम महाराष्ट्रातही यात्रा-जत्रांमध्ये श्वान शर्यती होतात. वाऱ्या तिथेच पळायचा. पाय दुखावला, वेग कमी झाला, मग मालकाला तो नकोसा झाला. मावशीने त्याला घरी आणलं.

आणि इथून गंमत सुरू झाली. वाऱ्या पहिल्यांदा जिन्यापाशी आला आणि खांबासारखा उभाच राहिला! मैदानात वाऱ्याशी स्पर्धा करणारा गडी चार पायऱ्यांना घाबरला. कपाटाच्या आरशात दुसरा कुत्रा दिसला, तर अर्धा तास त्याच्याकडे बघत बसला. 'बस' म्हटलं तर बसेना. कुणी लाडाने थोपटलं, की सगळा भार त्या माणसाच्या पायावर टाकून रेलायचा. खूश झाला, की थंडी वाजल्यासारखे दात कडकडवायचा.

"येडं हाय," शेजारी म्हणाले.

पण मित्रांनो, वेडं काहीच नव्हतं. शर्यतीच्या कुत्र्याचं आयुष्य खुराड्यात आणि मैदानात जातं. जिना, आरसा, फरशी त्याने कधी पाहिलेलीच नसते. तुम्ही पहिल्यांदा सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना घाबरला होतात ना? तसंच हे. मांड्यांचे स्नायू मोठे आणि पाठ लांब, म्हणून त्याला बसणं अवघड जातं. उभं राहावं नाहीतर आडवं पडावं, हे त्याला सोपं. अंगावर चरबी नाही, केस आखूड, कातडी पातळ, म्हणून त्याला गोधडी लागते. आणि एवढी झोप कशाला? तो लांब पल्ल्याचा धावपटू नाहीच. थोडा वेळ जीव तोडून पळायचं आणि मग मस्त विश्रांती, हीच त्याची रीत.

एक दिवस मात्र गंमत संपली. मावशीचा तिसरीतला नातू शाळेतून आला आणि धावत जाऊन झोपलेल्या वाऱ्याच्या गळ्यात पडला. वाऱ्या दचकून उठला, गुरगुरला, दात नातवाच्या हाताला लागले. रक्त नाही आलं, फक्त ओरखडा. पण घरात गोंधळ! आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुतला आणि नातवाला दवाखान्यात नेऊन सुई दिली. पोरांनो, ओरखडा लहान असला तरी हे करायचंच.

संध्याकाळी शेजारी म्हणाले, "चावरा झालाय. लांब नेऊन सोडा."

मावशी रात्रभर जागी होती. एकीकडे नातू, एकीकडे मुकं जनावर. सकाळी तिने जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, "मावशी, याचे डोळे उघडे दिसले तरी हा गाढ झोपेत असतो. झोपेत याला कुणी शिवलेलंच नाही. तो चावायला नाही उठला, घाबरून उठला."

त्या दिवसापासून घरात नियम झाला. वाऱ्याची गोधडी कोपऱ्यात, तिथे कुणी जायचं नाही. "आरं, आधी हाक मार. त्यानं मान उचलली की मग हात लाव," मावशी नातवाला सांगते. पोर आणि कुत्रा, दोघांना एकटं सोडायचं नाही, हा नियम मोठ्यांसाठी.

आणखी एक नियम आहे, साखळीचा. वाऱ्या शहाणा झाला, तरी काही पळताना दिसलं की त्याचं भान सुटतं. याच तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, तिथे चिंकारा हरणं आहेत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. वस्तीवर शेजाऱ्यांच्या कोंबड्या आहेत, रस्त्यावर ट्रॅक्टर आहेत. म्हणून फिरायला नेताना साखळी सुटता कामा नये.

2018 साली मकावमधलं शर्यतीचं मैदान बंद झालं, तेव्हा तिथे पाचशेहून जास्त ग्रेहाउंड उरले होते. त्यांना जगभरातल्या घरांनी आसरा दिला. त्या घरांतही कुणीतरी कुत्र्याला पहिली पायरी चढायला शिकवलंच असेल!

निघताना मी वाऱ्याला लांबूनच हाक मारली. त्याने एक डोळा हलवला, मान उचलली, उठून सावकाश आला आणि माझ्या पायाला रेलला. चांगलाच जड आहे हो! नातू जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभा राहून ओरडला, "काका, बघा, आता तो इथपर्यंत चढतो!"

पाचवीचा सराव चालू आहे म्हणे.