तिकिटाच्या मोलाचे वैभव

मुंबईचे वास्तुवैभव पाहावे ते लोकलगाडीने आणि बसनेच, असे इंदूरहून तेथे जाऊन आल्यावर आमचे ठाम मत झाले आहे. स्टीव्हन्सने रचिलेले बोरीबंदर स्थानक १८७८ पासून दहा वर्षे घडत होते. २००४ मध्ये ते जागतिक वारसा ठरले. तरी त्याच्या नक्षीदार कमानींखाली रांगेत राहून आम्ही साधे तिकीटच काढले! पुढे बसने ओव्हल मैदान गाठले. पश्चिमेस आर्ट डेको घरे. पूर्वेस प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून १८७८ मध्येच पूर्ण झालेला राजाबाई मनोरा. राजवाड्याबाहेर प्रजा तिष्ठत असे. स्थानकात मात्र सामान्य उतारूंसाठी दगडात पानेफुले कोरली गेली. आमच्या सरकारी शाळेच्या भिंतीवर एकही वेल नाही. मुलांची योग्यता उतारूंहून उणी काय?