सोवळें आणि शौच

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगीं चार गुण असावेत, असें तेथें म्हटलें आहे. त्याला शुश्रूषेचें ज्ञान असावें, तो दक्ष असावा, रोग्याविषयीं त्याला ममता असावी आणि तो शुचि असावा. शाळेंत संस्कृत शिकविण्यांत माझा जन्म गेला, त्यामुळें हें वचन परिचयाचें होतें. परंतु त्यांतील शेवटच्या शब्दाचा खरा विचार आमचे वडील बंधु पक्षाघातानें अंथरुणाला खिळल्यापासून सुरू झाला.

गेलीं दोन वर्षें दादांच्या सेवेसाठीं ब्यूरोमार्फत एक बाई दिवसा व एक रात्रीं येतात. घरांतील सारीं त्यांना मावशी म्हणतात. कूस बदलून देणें, अंग पुसणें, नाकांतील नळीनें अन्न घालणें, लघवीची पिशवी रिकामी करणें, हीं कामें त्या करतात. पहिल्याच आठवड्यांत माझ्या दृष्टीस असें पडलें कीं, मावशींच्या चहाचा कप फळीवर निराळा ठेवला गेला आहे, आणि हात धुण्याच्या जागीं मात्र साबणाची वडी नाहीं! कप कोणीं ठेवला हें विचारण्यांत अर्थ नव्हता. जुन्या घरांत अशा गोष्टी आपोआप होतात. मीं तो कप इतर कपांत मिसळून टाकला आणि मोरीपाशीं साबण व रोज बदलावयाचे स्वच्छ पंचे ठेवविले.

सोवळें विचारतें, हात कोणाचा? शौच विचारतें, या हातानें आतांच काय केलें? रोगजंतूंना फक्त दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर कळतें.

याचा दाखला वैद्यकाच्या इतिहासांत आहे. १८४७ सालीं व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयांत इग्नाझ सेमेलवाइस नांवाचा एक तरुण डॉक्टर होता. तेथील प्रसूतिविभागाच्या एका शाखेंत डॉक्टर व विद्यार्थी काम करीत, दुसरींत सुइणी. बाळंतज्वरानें मरणाऱ्या स्त्रियांची संख्या डॉक्टरांच्या शाखेंत पुष्कळच अधिक होती. हे विद्वान शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीच्या कामाला येत, हें त्यानें हेरलें आणि क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम घातला. एप्रिलांत शेंकडा १८ च्या आसपास असलेलें मृत्यूचें प्रमाण दोन-तीन महिन्यांतच शेंकडा २ च्या घरांत आलें. तरीहि आपल्या सुशिक्षित हातांनीं मृत्यु वाहून नेला, हें पुष्कळांना मानवलें नाहीं.

हात धुण्याचे पांच प्रसंग आतां जागतिक आरोग्य संघटनेनें ठरवून दिले आहेत: रोग्याला स्पर्श करण्यापूर्वीं, जखम बांधण्यासारख्या निर्मळ कामापूर्वीं, मलमूत्र किंवा रक्त यांचा संबंध आल्यावर, रोग्याला स्पर्श केल्यावर, आणि त्याच्या अंथरुणा-उशाशीं हात लावल्यावर. साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद द्यावेत. हात मळलेले नसतील तर अल्कोहोलचें द्रावण २० ते ३० सेकंद चोळलें तरी चालतें. हातमोजे घातले म्हणजे हात धुणें सुटलें असें नव्हे. मोजे काढल्यावरहि हात धुवावेच लागतात, आणि मलमूत्राच्या कामाचे मोजे घालून नळीला हात लावणें तर घातकच. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीं टांगावी, पण जमिनीला टेंकूं देऊं नये. इन्सुलिनच्या वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवूं नये. ती जाड प्लास्टिकच्या, झांकणाच्या डब्यांत टाकावी.

या शेवटच्या नियमाचें कारण आमच्या मंडळींना ठाऊक नव्हतें. बी प्रकारच्या काविळीचा विषाणु शरीराबाहेर निदान ७ दिवस जिवंत राहूं शकतो, आणि एका टोंचणीनें तो मावशींच्या रक्तांत जाऊं शकतो. तिच्यावर लस आहे. तीन मात्रा सहा महिन्यांत पुऱ्या होतात. दोघी मावशींना ती आम्हीं देवविली. कारण संसर्ग दोन्ही वाटांनीं चालतो. १८९७ च्या प्लेगांत पुण्याजवळ रोग्यांची सेवा करतांना सावित्रीबाई फुले यांना तोच रोग जडला आणि १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. सेवा करणाऱ्याचें रक्षण कोणीं करावें, हा प्रश्न तेव्हांपासून आपल्या दाराशीं उभाच आहे.

गेल्या पावसाळ्यांत दिवसाच्या मावशी एके सकाळीं खोकत आल्या. अंगांत ताप होता. मीं म्हटलें, "मावशी, अशा तापांत कशाला आलांत?"

त्या म्हणाल्या, "मास्तर, खाडा झाला कीं दिवसाचे पैसे जातात. धाकटीची फी भरायची आहे."

मीं त्यांना दादांच्या खोलींत जाऊं दिलें नाहीं. पैसे कापले जाणार नाहींत असें सांगून घरीं पाठविलें. सायंकाळीं पुतण्या म्हणाला, "काका, असे बसल्या दिवसांचे पैसे कोणी देत नाहीं."

मीं म्हटलें, "दादांना त्या खोकल्यानें न्युमोनिया झाला तर रुग्णालयाचा खर्च किती येईल, याचा आधीं हिशेब मांड. मग तुलाच आजारी रजा भरपगारी कां मिळते, याचाहि विचार कर."

त्यानें हिशेब मांडला नाहीं. पण त्या चार दिवसांत दादांची कूस बदलण्याची पाळी त्यानें स्वतः घेतली, आणि प्रत्येक वेळीं हात धुतले. महिनाअखेर पैसेहि पुरे दिले गेले.

वाचकहो, आपल्या घरीं अशी कोणी बाई येत असेल, तर तिच्यापाशीं शुचितेची अपेक्षा अवश्य धरावी. मात्र तिला साबण, पाणी, हातमोजे, लस आणि तापाच्या दिवसाचा पगार देणें हें आपलें काम आहे. हें न देतां तिला अस्वच्छ म्हणण्याचा अधिकार आपणांस पोंचत नाहीं.