डालड्यातला वाकडा रेणू

वर्ध्यात वाढलं की लाकडी घाण्याचं तेल विरुद्ध वनस्पती तूप हे भांडण वारशातच मिळतं. १९३४मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, तो इथे मगनवाडीत बसला. कुमारप्पा तिथलेच. झवेरभाई पटेलांनी तिथे बैलघाण्यात सुधारणा केल्या आणि 'वर्धा घाणी' हे नाव देशभर गेलं. १९३७मध्ये बाजारात डालडा आला. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये वनस्पतीविरुद्ध लिहिलं. शाळेत हे सगळं आम्हाला नीतिकथेसारखं सांगायचे. त्यामागची केमिस्ट्री कुणी सांगितली नाही.

ती मी शोधली बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर. "पंचवीस वर्षं मीच डालड्यात तळून खाऊ घातलं," म्हणत आईने दोन घास खाऊन ताट सारायला सुरुवात केली होती.

तेलाचा रेणू म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. त्यात जिथे दुहेरी बंध असतो तिथे साखळी वाकते. वाकड्या साखळ्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत, म्हणून तेल पातळ. आपल्या जवसात तर एकेका साखळीत तीन-तीन दुहेरी बंध सापडतात. तेलातून नुसता हायड्रोजन सोडून काही होत नाही. निकेलची बारीक पूड टाकून तापवलं की हायड्रोजनचा रेणू धातूवर फुटतो, तेलाची साखळीही तिथेच टेकते आणि सुटे अणू एकेक करून तिच्यावर चढतात. निकेलवरच्या अशा कामासाठी साबात्येला १९१२चं नोबेल मिळालं. नॉर्मनने ते तेलावर चालवून १९०२मध्येच पेटंट घेतलं होतं.

गोम त्या 'एकेक करून'मध्ये आहे. पहिला अणू चढला आणि दुसरा चढायच्या आत एखादा उतरला, तर दुहेरी बंध परत तयार होतो, पण साखळी आता सरळ झालेली असू शकते. हाच ट्रान्स फॅट. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, रोलबॅक झाला पण डेटा जुन्या जागी आला नाही. हायड्रोजन पूर्ण भरला तर ट्रान्स जवळजवळ उरत नाही, पण मग हातात मेणासारखा कडक गोळा येतो. मऊ तूप हवं म्हणून मध्येच थांबायचं, आणि तिथेच ट्रान्स मागे राहतो.

(हायड्रोजन वायूच लागतो असंही नाही. रुथेनियम आयसोप्रोपिल अल्कोहोलमधून हायड्रोजन काढून दुसऱ्या रेणूला देतो. अल्कोहोलचं ॲसिटोन होतं. मला तर हे जास्त सुंदर वाटतं.)

वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती होती. कारण तुपात भेसळ केली तर आम्ल आणि फरफ्युरलने लाल रंग येऊन चोरी पकडता यावी. ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली ती २०२२मध्ये. मधली कित्येक वर्षं आईसारख्या बायका डबा बघून काय ओळखणार होत्या?

हे सगळं मी तिला वहीवर काढून दाखवलं. साखळ्या तिने नीट बघितल्या.

"मंग तो निकेल तुपातच रायते का?"

"नाही, गाळून काढतात."

"बरं," म्हणाली, आणि यंदा करंज्या कशात तळायच्या ते विचारायला लागली.