वादळ आलं की हप्ता थांबतो, असाही एक देश आहे



सप्टेंबर २०२५ ची गोष्ट. सोयाबीन काढणीला आलेलं आणि पाऊस काही थांबेना. चौथ्या दिवशी रानात गेलो तर गुडघाभर पाणी. शेंग फोडून बघितली, तर दाण्याला मोड आलेले. वडील बांधावरून एवढंच म्हणाले, "पंधरा-सोळा साली पाणी नव्हतं म्हणून गेलं, आता पाणी हाय म्हणून गेलं." २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते ते अजून विसरलेले नाहीत.

माझा एकरी खर्च अठरा हजारांच्या घरात. कोरडवाहूला सरकारी निकष हेक्टरी ८,५०० रुपये. त्यावर राज्यानं रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० जाहीर केले. दोन्ही धरून एकराला साधारण साडेसात हजार. मदतीला नावं ठेवत नाही, पण हिशोब बसत नाही. त्यात बँकेतून फोन, "कर्ज नवं-जुनं करून घ्या, नाहीतर थकबाकीत जाल." पुनर्गठनाचं विचारलं, तर शाखेला अजून आदेश नाही म्हणाले.

पुढच्याच महिन्यात, २८ ऑक्टोबरला, जमैकावर मेलिसा चक्रीवादळ आदळलं. आपल्याला जमैका माहीत तो ख्रिस गेलमुळं. जागतिक बँकेच्या अंदाजानं नुकसान ८८० कोटी डॉलर, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या ४१ टक्के. २०१७ मध्ये डोमिनिका बेटावर मारिया वादळ आलं, तेव्हा तर हा आकडा २२६ टक्के होता. दोन वर्षांची कमाई एका रात्रीत गेली. पुन्हा उभं राहायचं तर कर्ज, आणि ते फिटायच्या आत पुढचं वादळ. वाचताना वाटलं, हे तर आपल्याच गावचं चाललंय.

पण त्यातल्या ग्रेनेडा या बेटानं एक शहाणपण केलं. २००४ च्या वादळानंतर हा देश कर्जात बुडाला होता. पुढं कर्जाची फेररचना करताना त्यांनी करारातच अट घातली : मोठं वादळ आलं की हप्ते काही काळ थांबतील. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ आलं आणि ती अट वापरून त्यांनी हप्ते पुढं ढकलले. कर्ज माफ झालं नाही, ते फेडायचंच आहे. फक्त घरावरचे पत्रे उडालेले असताना दारात वसुली आली नाही.

आपल्याकडं पुनर्गठन होत नाही असं नाही. पण आधी पंचनामे, मग घोषणा, मग आदेश, मग शाखेत हेलपाटे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हे सरकारच ठरवतं आणि मंडळातलं यंत्र ते मोजतंही. मग पीककर्जाच्या कागदावरच ही अट का नसावी? ठरलेल्या मापाच्या वर पाऊस झाला की वसुली वर्षभर बंद. कुणापुढं हात जोडायला नकोत.

आमच्या आळीतल्या दोघांनी यंदा बँकेचं भागवायला मुकादमाकडून उचल घेतली. दिवाळी झाली अन् जोडीनं कोयता घेऊन कारखान्यावर गेले. लेकरं आजीजवळ आहेत. आपल्या नुकसानीचा खरा आकडा हा आहे, आणि तो कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

तुमच्या गावात काय झालं, तेही लिहा.