बिबट्या आपला विषय नाही, असं आम्हालाही वाटत होतं

गेल्या एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या नियोजनाला आम्ही चाकणच्या पुढे, खेड तालुक्यातल्या एका बौद्ध वस्तीत बसलो होतो. विषय नेहमीचेच. वर्गणी किती, वक्ता कोण, डीजे लावायचा की प्रबोधन ठेवायचं. मागून एक मावशी म्हणाल्या, "बाळांनो, विहाराला लायटिंग कराच, पण चार बल्ब त्या फाट्याच्या वाटेला लावा. पोरगी रात्री येती." आम्ही म्हणालो, "मावशी, ते ग्रामपंचायतीचं काम. अर्ज देऊ." अर्ज दिला आणि विसरलो. मिरवणुकीच्या लायटिंगचं बिल मात्र वेळेत भरलं.

मावशींची मुलगी चाकण एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहे. दुसरी पाळी सुटल्यावर कंपनीची बस तिला हायवेच्या फाट्यावर सोडते. तिथून वस्ती किलोमीटरभर, दोन्ही बाजूंनी ऊस. नोव्हेंबरात मावशींची गाभण शेळी छपरातून गेली. पहाटे फोन आला तेव्हा त्या शेळीबद्दल फारसं बोलल्या नाहीत. "आज शेळी नेली," एवढंच म्हणाल्या.

ते दिवसही तसेच होते. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यात तीन माणसं गेली, त्यात दोन लहान मुलं. लोक रस्त्यावर उतरले, वनखात्याची गाडी पेटली, शेवटी बिबट्या गोळी घालून मारला. आमच्या ग्रुपवर काहींनी बिबट्याचे विनोद टाकले, काहींनी 'सगळे मारून टाका' लिहिलं. पहिलं शील रोज म्हणणारी मंडळीच ती. पण ज्याच्या दारातून लेकरू उचललं गेलं त्याला शील शिकवायला आपण कोण, हाही प्रश्न आहेच.

२५ डिसेंबरला आम्ही देहूरोडला गेलो. १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. बाहेर चहा घेताना एक कार्यकर्ता मित्र म्हणाला, "पर्यावरण, वन्यजीव हे कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांचे शौक आहेत. आपल्याला आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्ती एवढं पुरे नाही का?" वर्षभरापूर्वी आम्हीही हेच म्हणालो असतो.

मित्रांनो, मग बिबट्या उसात आला कसा ते पाहू. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, भीमेवर चासकमान झालं, पाणी आलं, ऊस आला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा राहतो. आत सावली, पाणी, बाहेर कुत्री आणि शेळ्या. मादी तिथेच पिलं घालते. आज जुन्नर-खेडच्या उसातला बिबट्या बहुधा उसातच जन्मलेला असतो. 'त्याला जंगलात सोडा' म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २००० नंतर जुन्नर भागातले बिबटे पकडून दूर सोडण्याचा सपाटा लागला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते उलटंच. हलवाहलवीनंतर माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि रिकाम्या जागेत दुसरं येतं.

आता ऊस कुणाचा? पाणी, सोसायटी, कारखान्याचा शेअर कुणाकडे? आणि उसाच्या कडेला राहतं कोण? ऊसतोड कामगाराची खोपी, धनगराचा वाडा, ठाकर-कातकऱ्यांची पालं, आणि आपली वस्ती. शेतीची वीज रात्री येते तेव्हा दारं धरायला सालगडी जातो, मालक नाही. घरात संडास नाही म्हणून अंधारात बसणारी बाईही याच वस्त्यांतली. बसलेलं किंवा वाकलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं. बिबट्या जात बघत नाही हे खरं, पण त्याच्या वाटेवर कोणाला वसवायचं हे गावानं जात बघूनच ठरवलेलं आहे. एमएला आम्ही गावाचा नकाशा काढला होता, वाडा मध्ये, आपण वेशीबाहेर. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेब गावाबद्दल इतकं कठोर का बोलले, ते परीक्षेत लिहून गुणही मिळवले. त्या नकाशात ऊस काढायचं मात्र सुचलं नाही.

मार्च २०२२ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझ कारखान्यात बिबट्या शिरला. कामगार बाहेर काढले, उत्पादन थांबवलं, वनखातं आणि माणिकडोहच्या केंद्राची टीम आली, बेशुद्ध करून काही तासांत तो पकडला. कुणाला ओरखडा नाही. चांगलंच झालं, असंच व्हायला हवं. पण त्याच एमआयडीसीत राबून घरी जाणाऱ्या पोरीसाठी फाट्यापासून वस्तीपर्यंत काहीच थांबत नाही.

माणूस मेला तर सरकार २५ लाख देतं. मरू नये म्हणून लागणाऱ्या गोष्टी त्यापुढे फारच स्वस्त आहेत. वस्तीच्या वाटेला दिवे, घरात संडास, शेतीला दिवसा वीज, शेळीला बंदिस्त गोठा, शेवटच्या पाळीची बस वस्तीपर्यंत. यातलं एकही मागणं बिबट्याच्या विरोधात नाही. भीमाशंकर अभयारण्याच्या कडेला महादेव कोळी शेकरूच्या शेजारी पिढ्यानपिढ्या राहत आलेत. वन्यजीवाशेजारी राहायला गरीब माणूस तयार असतो, फक्त सगळी किंमत त्याच्या एकट्याकडून वसूल होते.

जानेवारीत आम्ही पुन्हा त्या वस्तीत बसलो. जयंतीच्या शिलकीतून आणि पोरांच्या वर्गणीतून चार सौर दिवे घेतले, खांब पोरांनीच रोवले. तीन लागले. चौथा वळणावर हवा, जिथे ऊस अगदी वाटेवर झुकलाय. तो बांध ज्यांचा आहे ते म्हणतात, "आमच्या बांधावर तुमचा खांब नको." तहसीलला अर्ज दिलाय, आणि या वेळी विसरलेलो नाही. रोज रात्री दोघं पोरं बॅटरी घेऊन फाट्यावर जातात. बस साडेबाराच्या सुमारास येते.