शेवट गोड, पण व्हायव्हा कडक

आपल्या कॉलेजात पुस्तक म्हणजे लोकल ऑथर. पेपरच्या आदल्या रात्री उघडायचं आणि सेमिस्टर संपली की ज्युनिअरला अर्ध्या किमतीत विकायचं! त्यामुळे मी कादंबऱ्या वाचते म्हटल्यावर लोक जरा बघतातच. त्यातून दोन मुलांच्या किंवा दोन मुलींच्या प्रेमाच्या म्हटलं, की लगेच विषय बदलतो. "तुझं सबमिशन झालं का गं?"

असो. गेल्या दोन वर्षांत अशा पस्तीसेक झाल्या असतील. बहुतेक इंग्रजी, कारण शाळा कॉन्व्हेंटची. प्रत्येकीला जर्नलच्या मागच्या पानावर मार्क दिलेत. (जर्नल कोणत्या विषयाचं ते सांगत नाही, सर हा अंक वाचतात.)

रोमान्सची अट एकच, शेवटी दोघं एकत्र हवीत. सोपी वाटते ना? इ. एम. फॉर्स्टरने 'मॉरिस' १९१३-१४ मध्ये लिहिली, आणि दोन पुरुषांच्या या गोष्टीचा शेवट गोडच करायचा असं ठरवून लिहिली. छापून आली १९७१ मध्ये, तो गेल्यावर. इंग्लंडमध्ये असं प्रेम १९६७ पर्यंत गुन्हा होता. शेवटी दोघं तुरुंगात गेले असते तर कदाचित छापणं सोपं गेलं असतं. पॅट्रिशिया हायस्मिथने 'द प्राइस ऑफ सॉल्ट' १९५२ मध्ये टोपणनावाने काढली. तिच्या दोन नायिका शेवटी मरत नाहीत, हीच त्या काळी मोठी बातमी. म्हणून या दोघांना शेवटाचे पैकीच्या पैकी.

आत्ताच्या पुस्तकांना मात्र मी एवढ्यावर सोडत नाही. पहिला प्रश्न, यांच्यामधली अडचण खरी आहे की लेखकाने पाने भरायला आणलेली? 'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू' (२०१९) मध्ये अमेरिकन अध्यक्षांचा मुलगा आणि इंग्लंडचा राजपुत्र. संवाद धमाल, एका रात्रीत संपवली. पण राजपुत्राला कुठे भाड्याची खोली शोधावी लागते? की वॉर्डन घरी फोन करते? सहा मार्क, तेही हसवल्याबद्दल. 'द साँग ऑफ अकिलीझ' (२०११) पौराणिक. शेवट ग्रीकांनी आधीच ठरवलेला, तो माहीत असूनही रडले. तिला आठ.

विज्ञानकथेत 'धिस इज हाउ यू लूज द टाइम वॉर' (२०१९). काळाच्या युद्धात दोन शत्रुपक्षांच्या हेर बायका एकमेकींना पत्रं लिहितात, कधी तर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांत. पत्र पाठवायची ती पद्धत वाचून माझ्यातली इंजिनिअर खूष. नऊ. एक मार्क कापला तो भाषा कधीकधी फारच सजते म्हणून.

मग हातात आली सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू', २००६ ची. पुण्यातलं घर, भाऊ-बहीण दोघंही एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात. तो शेवटी दोघांनाही सोडून जातो, म्हणजे माझ्या नियमाने सरळ नापास. पण तिथे माझी मार्कांची पद्धतच अडली. कारण तनय त्या मुलाशी 'तू' म्हणून बोलतो, आणि मराठीत 'तू आलास' म्हटलं की सगळं उघडं पडतं. इंग्रजीत तसं नाही. हॉस्टेलवर कुणीही "आय मेट समवन" म्हणून मोकळी होते. तेच रात्री आईशी फोनवर बोलताना 'आला' की 'आली' हे क्रियापदच ठरवून टाकतं. 'कुणीतरी आवडतं' इथपर्यंत नपुंसकलिंगावर निभावतं, पुढच्या वाक्याला अडकायला होतं. हे वाक्य मी किती वेळा मनात जुळवलंय, ते मलाच माहीत.

इंग्रजी पुस्तकांतली माणसं खोलीतून बाहेर येतात, दार उघडतात, मोठा सीन होतो. आपल्याकडे एका प्रत्ययात काम होतं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ३७७ कलमातून अशा प्रेमाला वगळलं, २०२३ मध्ये लग्नाला मात्र मान्यता दिली नाही. व्याकरणाबद्दल कोर्ट काय करणार! या पुस्तकापुढे मार्कांची जागा मी कोरी ठेवलीय.

दिवाळीच्या सुट्टीत ते घरी नेलं आणि हॉलमधल्या टीपॉयवर, दिवाळी अंकांवरच ठेवलं. कुणाला काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बघते तर त्यात खूण म्हणून एसटीचं तिकीट, तनयचा भाग संपून बहिणीचा सुरू होतो तिथे. संध्याकाळी आई शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्या मुलाला घरात कुणीच नीट काही विचारलं नाही का गं?"

मी म्हटलं, "नाही."

"हं," म्हणाली, आणि अर्ध्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या.